काकांची मर्सिडीज भंगारात देऊ नकोस

डिचोली, 14 जून

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी काकींचा फोन आला. भंगारवाला काकांची मर्सिडीज बघून गेला आणि तूही ‘देऊन टाक’ म्हणालास, असं कळलं. तुला दोष देत नाही. पुण्यात राहून मयेतली गाडी कशी सांभाळणार? पण व्यवहार पक्का करण्याआधी हे पत्र पुरतं वाच.

ही चूक मी एकदा केली आहे. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा माझ्या गॅरेजसमोर खनिज वाहणाऱ्या टिप्पर ट्रकांची रांग लागली ती हललीच नाही. पोरांचे पगार द्यायला पैसे नव्हते. आजोबांचा बेडफर्ड ट्रक मी वजनावर विकला. गॅसकटरने केबिन कापत होते तेव्हा मी तिथेच उभा होतो. त्याच बेडफर्डवर आजोबांनी मला टॅपेट सेट करायला, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट जुळवायला, शिकवलं होतं. आलेले पैसे दोन महिन्यांत संपले, आणि त्या ट्रकचा साधा फोटोसुद्धा आज माझ्याकडे नाही.

म्हणून सोमवारी काकींकडून चावी घेतली आणि शेड उघडली. पत्रा गळतोय, आधी त्यावर ताडपत्री टाकली. मग गाडीखाली शिरलो. खरं तेच सांगतो, डाव्या बाजूची फरशी गेली आहे. जॅक लावायच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. काकांच्या या 180 डी मॉडेलला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार उचलते. त्यामुळे हा गंज वरून रंग मारून लपवायचा नव्हे. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल. आपल्याकडच्या पावसात हे व्हायचंच.

पण इंजिन जाम नाही! ग्लो प्लग, म्हणजे डिझेल इंजिन सुरू करण्याआधी ते आतून तापवणारे प्लग, काढून चारही सिलिंडरांत थोडं थोडं डिझेल सोडलं आणि चार दिवस तसंच ठेवलं. काल क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बोल्टला पाना लावून हळू जोर दिला, तर फिरलं. अवघं 1767 सीसीचं इंजिन, सुरुवातीच्या गाड्यांत ताकद 40 अश्वशक्ती. माझ्या टिप्परांपुढे काहीच नाही, पण याच इंजिनाच्या जोरावर पणजीत मर्सिडीजच्या टॅक्स्या वर्षानुवर्षं धावल्या. पोर्तुगीज राजवटीत बाहेरच्या गाड्या गोव्यात सहज यायच्या, म्हणून मुक्तीनंतरही त्या आपल्या रस्त्यांवर राहिल्या.

तुला डॅशबोर्डवरची ती छोटी तार आठवते? काका नॉब अर्धा ओढून थांबायचे आणि विचारायचे, ‘लाल झाली का रे?’ आपण दोघं डोकी पुढे घालून बघत बसायचो. तार तापून लाल झाली की नॉब पुढे ओढायचा आणि गाडी धडधडत सुरू व्हायची. ती तार आणि चारही ग्लो प्लग एकामागोमाग एकाच वायरीवर असतात. एक जळला तरी सगळे बंद, तार काळीच राहते. काल बॅटरी जोडली तेव्हा ती काळीच होती. टेस्ट लॅम्प घेऊन शोधत गेलो, दुसरा प्लग गेलेला निघाला. गॅरेजात जुन्या सामानाच्या डब्यात एक सापडला, तो बसवला. नॉब ओढला. आधी काहीच नाही, मग मधोमध बारीकसा ठिपका, आणि हळूहळू पूर्ण तार लालबुंद. काकी दारातच उभ्या होत्या. काहीच बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या.

अजून स्टार्टर मारलेला नाही. टाकीत जुनं डिझेल आहे, ती उतरवून धुवायला हवी, आणि ब्रेकच्या रबरी नळ्या तर चिरल्याच आहेत.

कागदांची भीती बाळगू नकोस. 2021 पासून 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या खाजगी गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचा नियम आहे. फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबरही ठेवता येतो. रोज फिरवता येणार नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला नेता येईल. आरसी बुक काकांच्या लोखंडी कपाटात असेल, काकींना शोधायला सांग. मूळ स्वरूप महत्त्वाचं, म्हणून सीट-बीट काही बदलायचं नाही.

मजुरी मी घेणार नाही. पत्र्याचा आणि सामानाचा खर्च निम्मा-निम्मा करू. तुला आता जमत नसेल तर माझा आधी लागू दे. फक्त भंगारवाल्याला आजच नाही म्हणून कळव, तो शनिवारी टेम्पो घेऊन येणार आहे.

चवथीला घरी येशीलच. तोवर टाकी, नळ्या, फिल्टर मी करून ठेवतो. स्टार्टर मात्र तू आल्यावरच. नॉब तू ओढ, तारेकडे मी बघतो.

तुझा,
दामू