खळ्याच्या बाजूचा आंबा

मिठबांव, ता. देवगड
18 जून

प्रिय सुध्या,

कॉम्प्युटर जिवंत आहे. फोनवर एवढंच सांगता आलं आणि रेंज गेली ती गेलीच. बाकीचं आता पत्रात.

तू सांगितलंस तसं 'कीप माय फाइल्स' (माझ्या फायली ठेव) निवडून विंडोज रिसेट केलं. अपडेट चालू असताना वीज गेली, आणि यूपीएसची बॅटरी बदलायची राहिली ती माझ्याच आळसाने, त्यामुळे कुणाला बोल लावायची सोय नाही. फायली सगळ्या वाचल्या. प्रोग्रॅम उडाले, पण काय काय उडालं त्याची यादी डेस्कटॉपवर आपोआप आली होती. ती बघून एकेक परत घातला. म्हटलं, सुटलो.

सकाळी अण्णा पेज जेवून खुर्चीत बसले आणि ओरडले, "माझो आंबो खंय गेलो?"

आंबा म्हणजे पेट्यांच्या हिशेबाचा फोल्डर. अण्णा आयकॉनचं नाव वाचत नाहीत, जागा ओळखतात. कॉम्प्युटर माजघरात, त्यांच्या उजव्या हाताला खळं, डाव्या हाताला विहीर. म्हणून आंबा खळ्याच्या बाजूला तळात, बँकेचे कागद विहिरीकडे, नातवंडांचे फोटो वर मधोमध. रिसेटनंतर सगळी गर्दी विहिरीवर! डावीकडे एका रांगेत.

मी मांडून दिले. दुपारी डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्रॅम, बसला, रिझोल्यूशन बदललं आणि पुन्हा विस्कटले. (आधी रिझोल्यूशन, मग मांडणी. हे तू मला आधी सांगायला हवं होतंस.) मग मी जास्तीचं डोकं चालवलं. राइट क्लिक, 'व्ह्यू', आणि 'ऑटो अरेंज'ला टिक; म्हटलं आता हलणार नाहीत. झालं उलटंच. आंबा उजवीकडे ओढून सोडला की वासरू गोठ्यात पळावं तसा परत रांगेत. ती टिक काढली, 'अलाइन टू ग्रिड' तेवढी राहू दिली. 'धिस पीसी' गायब होता, तो 'पर्सनलायझेशन'मध्ये थीम्सखालच्या 'डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज'मधून आणला. आयकॉनचा आकार कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं की वाढतो.

जागा लागल्या, पण आंबा उघडेना. शेवटी मी स्टूल घेऊन शेजारी बसलो आणि नुसता त्यांचा हात बघितला. पहिला क्लिक बरोबर पडतो. दुसरा पडेपर्यंत बोट थरथरतं, बाण तांदळाच्या दाण्याएवढा सरकतो आणि फोल्डर उघडायच्या ऐवजी ओढला जातो. दुसरा क्लिक नावावर उशिरा पडला तर नाव निळं होऊन बदलायला तयार! त्यात एखादी कळ दाबली गेली की संपलं. संध्याकाळपर्यंत आंब्याचं नाव 'जेजेजे' झालं होतं.

आधी कंट्रोल पॅनेलात माउसच्या डबल-क्लिकचा वेग अगदी मंद केला. तिथे तपासायला एक छोटा फोल्डर असतो, जमलं की उघडतो, पुन्हा जमलं की मिटतो. अण्णांनी बराच वेळ त्याच्याशी झुंज दिली. मग म्हणाले, "पयला आसा नव्हता." तेव्हा माझी ट्यूब पेटली! काही वर्षांपूर्वी मीच त्यांना एका क्लिकवर उघडेल असं करून दिलं होतं आणि साफ विसरलो होतो. रिसेटने ते पुसलं. 'फाइल एक्सप्लोरर ऑप्शन्स', 'जनरल', तिथे 'सिंगल-क्लिक टू ओपन अ‍ॅन आयटम'. बस्स. अण्णांनी एकदा टिचकी मारली, आंबा उघडला. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसून मुंबईच्या पेट्यांची राहिलेली उधारी लिहायला लागले.

आता पंचाईत माझी. जुन्या सवयीने दोनदा दाबतो आणि प्रोग्रॅम दोन दोन उघडतात. नाव बदलायला एफ-2, निवडायला बाण नुसता वर धरून ठेवायचा, हे हाताला पटत नाही. ही सेटिंग युजरनुसार वेगळी राहते, तेव्हा चतुर्थीला येशील तेव्हा मला माझा वेगळा युजर करून दे. अण्णांच्या डेस्कटॉपला मात्र हात लावू नकोस. त्याचा स्क्रीनशॉट, विंडोज आणि प्रिंट-स्क्रीन एकत्र दाबून, काढला आहे आणि फोनमध्येही घेतला आहे.

वहिनींना कोकमाचं आगळ हवं होतं ना? दोन बाटल्या भरून ठेवल्यात. यूपीएसची बॅटरी कुठली घेऊ तेवढं कळव.

तुझा,
बाळा