सातव्या पिरियडची रिकामी ओळ

चि. सई,

अनेक आशीर्वाद. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेलं अजून टिकलं असेल तर हे तुला वाचता येईल. जोडाक्षरावर अडलीस तर आईला विचार. मजकुरावर मात्र तिचं मत विचारू नकोस, ते आपल्या दोघांनाही पाठ आहे.

काल जेवताना तू विचारलंस, "बाबा, प्रायव्हेटला गेले तर यूटी पक्कं होईल का?" आणि मी लगेच फीवर घसरलो. डॅलसमधल्या नावाजलेल्या खासगी शाळांची फी वर्षाला ३०,००० डॉलरच्या पुढे, आणि आपण टेक्ससचे रहिवासी म्हणून यूटीची, म्हणजे ऑस्टिनच्या सरकारी टेक्सस विद्यापीठाची, फी त्याच्या निम्म्याहून कमी. शाळा कॉलेजपेक्षा महाग, हे मिरजेच्या माणसाच्या गळी उतरत नाही. पण त्या भरात तुझा प्रश्न तसाच राहिला.

१९९६ मध्ये फेडरल अपील कोर्टाने इथल्या विद्यापीठांना प्रवेश देताना वंश बघायला मनाई केली. त्यावर टेक्ससच्या विधिमंडळाने १९९७ मध्ये तोडगा काढला: राज्यातल्या प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. शाळा श्रीमंत उपनगरातली असो की पश्चिमेकडच्या कोरड्या गावातली. पुढे ऑस्टिनला जागा पुरेनात, म्हणून २००९ मध्ये तिथल्या थेट प्रवेशांना मर्यादा घालायची मुभा मिळाली. काही वर्षं ती रेषा ६ टक्क्यांवर होती, २०२६ च्या फॉल सत्रापासून ती ५ वर आली. टेक्सस ए अँड एम या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाला अजून १० च आहे.

मला हा कायदा ऐकताक्षणी कळला. मी १९९५ ला बारावी झालो तेव्हा इंजिनिअरिंगला पीसीएमचे गुण बघत, आणि ७० टक्के जागा त्या त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना असत. मी शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतला, म्हणून पुण्या-मुंबईच्या मुलांशी थेट टक्कर टळली आणि आत शिरलो. तुझी आजी याला अजूनही माझी हुशारी म्हणते. म्हणू दे.

तर यूटीपुरतं बोलायचं झालं तर शाळा सरकारी की खासगी यापेक्षा तुझी तिथली रँक कितवी, हे महत्त्वाचं. हजार मुलांच्या बॅचमध्ये ५ टक्के म्हणजे ५० मुलं, ऐंशीच्या बॅचमध्ये ४. शिवाय बऱ्याच खासगी शाळा रँक काढतच नाहीत. रँक नाही तर थेट प्रवेशही नाही. मग अर्ज, निबंध यांवर उरलेल्या जागांच्या झुंबडीत उभं राहायचं. आणि थेट प्रवेश मिळाला तरी तो विद्यापीठात, हव्या त्या विषयात नव्हे. कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगची निवड वेगळी होते. आपल्या गणपतीत ज्यांची मुलं "यूटीला लागली" म्हणून पेढे वाटले गेले, त्यांतल्या दोघांना मनातला विषय मिळाला नव्हता. पेढे आपण सगळ्यांनीच खाल्ले.

खासगीचा फायदा खोटा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे) धरून १२ नामांकित विद्यापीठांचा अभ्यास मांडला. परीक्षेचे गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतल्या मुलांचं तिथे पोचण्याचं प्रमाण मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त निघालं. त्यामागे आईवडील तिथेच शिकलेले असणं, खेळाडू म्हणून भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारे चढे शेरे. हे शेरे खासगी शाळांच्या मुलांना जास्त चांगले मिळतात. तिथला काउन्सेलर मोजक्या मुलांना ओळखतो, त्यांच्याबद्दल भरभरून लिहितो. तुझा काउन्सेलर तुला कॉरिडॉरमध्ये ओळखेल की नाही, शंकाच आहे. तुला हार्वर्डच हवं असतं तर मी कदाचित कर्ज काढायचा विचार केला असता. तू ऑस्टिन म्हणतेस.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते. मागच्या महिन्यात मी एक्सेलमध्ये तुझी हायस्कूलची चार वर्षं मांडली. आपल्याकडे रँक वेटेड जीपीएवर ठरते. एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, विषयातल्या ए ग्रेडला जास्त वजन, ऑर्केस्ट्रातला, म्हणजे तुझ्या व्हायोलाच्या तासाचा, ए साधा. म्हणजे व्हायोलात शंभरपैकी शंभर मिळवलेस तरी तुझी सरासरी खाली येते! मी एका रकान्यात व्हायोला ठेवला, दुसऱ्यात काढून तिथे एपी घातला. दुसरा रकाना सरस निघाला आणि मला क्षणभर आनंद झाला. तेवढ्यात वरच्या खोलीतून तुझे स्केल्स ऐकू आले. फाईल बंद करताना सेव्ह करू का असं विचारलं, मी नाही म्हटलं.

खासगीत रँकच नाही, म्हणून तिथे व्हायोला निर्धास्त वाजवता येईल, असं आई म्हणते. तिचा मुद्दा बिनतोड आहे, फक्त ३०,००० डॉलरचा आहे. माझं मत, घराजवळच्या शाळेतच जा. तू ५ टक्क्यांत बसलीस तर उत्तम. आठव्या टक्क्यावर थांबलीस तर यूटीला बाकीच्यांसारखा अर्ज कर, ए अँड एमचं दार उघडं असेलच.

नववीच्या विषयांचा फॉर्म फ्रिजवर लावला आहे, शुक्रवारी द्यायचाय. सहा ओळी आपण दोघांनी भरल्या होत्या. सातवी मी कोरी ठेवली आहे, ती तू भर. खाली सही करून ठेवली आहे.

तुझा,
बाबा