उत्तरपत्रिका सुट्टीआधी, गुण सुट्टीनंतर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळांत सध्या पहिल्या घटक चाचणीचे पेपर तपासणे चालू आहे. गणपती तोंडावर आलेत. बहुतेक ठिकाणी गठ्ठे शिक्षकांच्या घरी जातील आणि सुट्टी संपल्यावर एका तासिकेत, हजेरीच्या क्रमाने, गुण मोठ्याने वाचून उत्तरपत्रिका वाटल्या जातील. आमची शाळांना आणि पालकांना विनंती आहे की यंदा हा क्रम बदलावा. तपासलेली उत्तरपत्रिका सुट्टीआधीच मुलाच्या हाती द्यावी, पण तिच्यावर गुण लिहू नयेत. गुण सुट्टीनंतर आणि एकेकाला सांगावेत. नोंदवहीत ते आजच भरायला काहीच हरकत नाही. प्रश्न फक्त मुलाला ते कधी कळावेत एवढाच आहे.

यामागे ठोस संशोधन आहे. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली तोवरच्या अभ्यासांतले ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. काम कसे झाले हे सांगितल्याने सरासरीने सुधारणा होते, हे त्यांना दिसलेच. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते सांगितल्यानंतर कामगिरी उलट घसरली होती. त्यांनी दिलेले कारण प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावे असे आहे: शेरा ऐकून लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेले, की शिकणे थांबते. मूल गणिताचा विचार सोडून ‘मी कसा आहे’ याचा विचार करू लागते.

गुण नेमके हेच करतात. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. काहींना फक्त कामाविषयी शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांची गोडी आणि कामगिरी दोन्ही सर्वांत चांगली राहिली. दोन्ही मिळालेल्यांचे मात्र फक्त गुण मिळालेल्यांसारखेच झाले. शिक्षकाने रात्री जागून लिहिलेला शेरा शेजारच्या आकड्याने निकामी केला. गुणांमुळे गोडी आटली ती मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांची. म्हणजे ज्यांना शेऱ्याची गरज सर्वाधिक, त्यांच्यापर्यंतच तो पोचला नाही.

आता शेऱ्यात काय असावे ते पाहू, कारण गुण काढून नुसत्या फुल्या ठेवल्या तर काहीच साधणार नाही. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली लोकांना लुगांडा भाषेतले शब्द पाठ करायला दिले. उत्तर चुकल्यावर नुसते ‘चूक’ असे सांगितले, तर आठवड्यानंतरच्या चाचणीत काही न सांगितल्यासारखीच स्थिती होती. बरोबर उत्तर दाखवले तेव्हाच फरक पडला, आणि तो मोठा होता. १/२ + १/३ = २/५ असे लिहिणाऱ्या मुलाला लाल फुलीने चुकल्याचे कळते, घसरलो कुठे ते कळत नाही. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला त्या जागी रेघ ओढावी आणि लिहावे: ‘२/५ हे १/२ पेक्षा लहान आहे. बेरीज लहान कशी होईल? आधी छेद समान कर.’ एवढे पुरते. ‘लक्ष द्या’, ‘अधिक प्रयत्न करा’, ‘छान’ या शेऱ्यांत मुलाने पुढे करायचे असे काहीच नसते.

पंचेचाळीस पेपरांवर असे लिहायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. पहिले दहा पेपर तपासताना वर्गातल्या नेहमीच्या पाच-सहा चुका हाती लागतात. त्यांना क, ख, ग अशी अक्षरे द्यावीत. पेपरवर चुकीच्या जागी फक्त अक्षर लिहावे आणि अक्षरांचा खुलासा फळ्यावर करावा. स्वतंत्र वाक्य फक्त वेगळ्याच वाटेने गेलेल्या उत्तराला लिहावे. एका पेपरवर दोनच चुका धराव्यात, ज्यांच्यावर पुढचा धडा उभा आहे अशा. दहा चुका दाखवल्या की मूल एकही हाती घेत नाही.

पेपर परत देण्याची तासिका ३५ मिनिटांची धरू. पहिली दहा मिनिटे पेपर शिक्षकाच्याच टेबलावर राहू द्यावेत आणि वर्गातल्या दोन-तीन चुका कुणाचेही नाव न घेता फळ्यावर मांडाव्यात. याला कारण आहे. लॉरेन एस्क्रायस-विंकलर आणि आयलेट फिशबाख यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रश्नाला दोनच पर्याय होते, त्यामुळे ‘चुकले’ म्हटले की बरोबर उत्तर आपोआप कळत होते. तरीही ‘बरोबर’ ऐकणारे लोक ‘चुकले’ ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त शिकले. स्वतःची चूक कानावर पडताच माणूस आतून दार लावून घेतो. दुसऱ्याच्या चुकीतून मात्र तेच लोक व्यवस्थित शिकले. म्हणून चूक आधी परकी म्हणून समजू द्यावी, मग स्वतःच्या पेपरात शोधू द्यावी.

पुढची दहा मिनिटे पेपर हातात, अक्षरांचा खुलासा फळ्यावर. त्यानंतर पेपर उपडा ठेवायचा, फळा पुसायचा आणि चुकलेली उदाहरणे कोऱ्या पानावर पुन्हा सोडवायची, यासाठी बारा मिनिटे. उरलेल्या वेळात ताडून पाहायचे. फळा पुसणे बहुतेक वर्गांत राहून जाते. फळ्यावरचे पाहून उतरवले की वही सुंदर होते, डोक्यात काही उरत नाही. ‘बरोबर उत्तर दहा वेळा लिहा’ यातही हाच दोष आहे: दुसऱ्या ओळीपासून हात चालतो, आठवावे काहीच लागत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवले आणि न बघता लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर वाचणारे ४२ वर आले, लिहून काढणारे ५६ वर राहिले. पुन्हा वाचल्यावर ‘आलं मला’ असे वाटते, ते पाच मिनिटांपुरते खरे असते.

पुढच्या चाचणीपासून आणखी एक गोष्ट करता येईल. प्रत्येक वस्तुनिष्ठ उत्तराशेजारी मुलाने खात्री असेल तर टिंब आणि शंका असेल तर प्रश्नचिन्ह काढावे. शिक्षकाने आधी टिंब असलेली चुकीची उत्तरे पाहावीत. ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते’ हे उत्तर मुले छातीठोकपणे लिहितात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर. ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ साली दाखवले की अशा खात्रीच्या चुका, खरे उत्तर कळल्यावर, डळमळीत चुकांपेक्षा अधिक पक्क्या सुधारतात. धक्का बसतो आणि लक्ष वेधले जाते. मात्र पुढच्या संशोधनात आढळले की आठवडाभराने खरे उत्तर विसरले गेले तर जुनी चूक परत डोके वर काढते. प्रश्नचिन्ह असलेली बरोबर उत्तरेही सोडू नयेत. ती नशिबाने लागलेली असतात आणि कुणी ‘हे बरोबर आहे’ असे म्हटले नाही तर निसटतात.

म्हणूनच गणपतीच्या सुट्टीचा मोका महत्त्वाचा. मध्ये गेलेल्या दिवसांत थोडे विसरले जाते आणि विसरू लागलेले पुन्हा आठवावे लागले की ते घट्ट बसते. शाळा उघडल्यावर पहिल्याच तासिकेत, कोणतीही उजळणी न घेता, त्याच प्रकारची चार उदाहरणे वेगळ्या आकड्यांनी द्यावीत. दहा मिनिटे पुरेत. त्यानंतर चाचणीचे गुण सांगावेत. उलट पेपर सुट्टीनंतर दिला, तर आपण २/५ का लिहिले होते हेच मुलाला आठवत नाही आणि शेरा कुणा तिऱ्हाइताच्या वहीवर लिहिल्यासारखा वाटतो.

भीतीबद्दलही लिहायला हवे. उभे करून, आवाज चढवून उत्तर विचारण्याची सवय अजून गेलेली नाही. झुरिक येथे द केर्व्हें आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आदल्या दिवशी शब्द पाठ केलेल्या लोकांना आठवण्याच्या परीक्षेपूर्वी तासभर २५ मिलिग्रॅम कॉर्टिसोन दिले. शरीरात त्याचे कॉर्टिसोल होते, तणावात वाढणारे संप्रेरक ते हेच. त्यांना शब्द कमी आठवले. तेच औषध पाठ करण्याआधी किंवा पाठ केल्याबरोबर दिले तेव्हा असा परिणाम दिसला नाही. येत असलेले उत्तर दरडावल्यावर न येणे हा त्यामुळे मुलाचा आळस किंवा उद्धटपणा मानू नये. आणि ज्या प्रसंगात भावना तीव्र असतात तो प्रसंग मेंदू अधिक पक्का साठवतो. चारचौघांत झालेला अपमान मुलाला वर्षानुवर्षे आठवतो, त्या दिवशीचे गणित नाही.

आपल्याकडच्या वाडीतल्या दोन शिक्षकी शाळांत हे अधिक जपावे लागते. तिथे मुलांनी एकमेकांचे पेपर तपासण्याची पद्धत सोयीची वाटते, पण वर्गातला शेजारी घराचाही शेजारी असतो आणि कुणाचे काय चुकले ते संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचते. वरच्या वर्गातल्या मुलांना अक्षरांचा खुलासा समजावण्याचे काम द्यावे, पेपर देऊ नयेत.

पालकांना एवढेच सांगणे आहे. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतील, घर भरेल आणि पोराला पहिला प्रश्न येईल, ‘किती पडले?’ यंदा त्याला गुण माहीतच नसतील. शाळेने लपवले म्हणून कृपया रागावू नका. ‘काय चुकलं होतं? आता करून दाखव,’ असे विचारा आणि त्याला वही न बघता सोडवू द्या.

केंद्रप्रमुखांनी हा विषय पुढच्या शिक्षण परिषदेत घ्यावा. सगळ्या शाळांवर तो एकदम लादू नये. एका इयत्तेचा एकच विषय घ्यावा, काही शाळांनी ही पद्धत वापरावी, काहींनी नेहमीची, आणि सुट्टीनंतरची ती चार उदाहरणे दोन्हीकडे सारखीच द्यावीत. प्रथम सत्र परीक्षेआधी ते आकडे शिक्षकांसमोर ठेवता येतील.

आपले,
गणित व विज्ञान शिकवणारे काही माध्यमिक शिक्षक,
राजापूर, जि. रत्नागिरी