ताई, तो डाग लपवू नकोस

खानापूर

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू आवाज बारीक करून म्हणालीस, "आई, पाळीला अजून चार दिवस आहेत आणि डाग पडलाय." तेवढ्यात मागं कुणीतरी आलं आणि तू तांदळाचं विचारायला लागलीस. निपाणीच्या त्या भरल्या घरात तुला मोकळं बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

डाग काथाच्या पाण्यासारखा तपकिरी नाहीतर फिका गुलाबी, एक-दोन दिवसच, गाठी नाहीत, असं असलं तर दिवस गेलेलेही असू शकतात. बीज फळल्यापासून ६ ते १२ दिवसांत गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजतो, तेव्हा काहीजणींना एवढंसं दिसतं. पण नुसत्या डागावर खात्री धरू नकोस. थायरॉईडनं, पिशवीच्या तोंडाच्या सुजेनं, संबंधानंतरही दिसतं.

टेस्टची घाई नको. तारीख उलटू दे, मग सकाळच्या पहिल्या लघवीवर कर. दुसरी रेघ फिकी असली तरी ती रेघच. रेघ नाही आणि पाळीही नाही, तर आठवड्यानं पुन्हा कर. तोवर पाळी यायच्या गोळ्या नाहीतर काढा कुणी कितीही मायेनं दिला तरी घेऊ नकोस. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र रोज घे, ती आधीपासूनच घ्यायची असते.

आता तुला कधी न सांगितलेलं सांगते. तुझ्या आधी मलाही असाच डाग दिसला होता. रोपलावणीचे दिवस, पाऊस थांबत नव्हता. सासूबाईंना सांगायची लाज वाटली, कपडा घट्ट घेऊन चिखलात उतरले. शेजारणीला सांगितलं, तर ती म्हणाली उष्णता असेल. पाचव्या दिवशी डाव्या अंगाला कळ निघाली, खांदा दुखायला लागला आणि मी बांधावर कोसळले. हातातली रोपाची मूठ सुटली नव्हती, असं तुझे बाबा अजून सांगतात. टेंपोत घालून बेळगावला नेलं. गर्भ नळीतच वाढत होता आणि नळी फुटली होती. ती काढून टाकली. दोन वर्षांनी तू झालीस.

म्हणून एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, चक्कर, नाहीतर तासाभरात पॅड भिजलं, तर रात्र असो की घरात पाहुणे, तडक दवाखाना गाठ. तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे, हे डॉक्टरांना आधी सांग, त्यासाठी इंजेक्शन लागू शकतं. दोन रेघा आल्या आणि डाग थांबला, तरीही डॉक्टरांना डागाचं सांग आणि त्या म्हणतील तेव्हा सोनोग्राफी करून घे. गर्भ पिशवीतच आहे ना, ते त्यात दिसतं. तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं सरकारी कार्ड, मग निवांत काढू.

जावईबापूंना मात्र आजच सांग. मी तेव्हा तुझ्या बाबांनाही सांगितलं नव्हतं.

आजूबाजूला माणसं असली तर फोनवर "आई, ये" एवढंच म्हण. मी पहिली बस धरते.

तुझी,
आई