पॉलिश कोणतं घेऊ, विचारलंस म्हणून

हिंगणघाट तालुका,
नागपंचमीनंतरचा रविवार

गज्या लेका,

तुझा मेसेज आला तेव्हा माझ्या कृषी केंद्राच्या काउंटरवर सात-आठ कास्तकार उभे होते, प्रत्येकाच्या हातात किडीनं खाल्लेलं एकेक पान, आणि मोबाइलवर तू: "गाडी घेतली बे, पॉलिश कोणतं मारू?" दोन ओळींत उत्तर देणं जिवावर आलं. आज दुपारून दुकान बंद आहे, सकाळपासून पाऊस लागून आहे, लाइन गेलेली आहे. म्हणून वही काढली. आधी अभिनंदन. आल्टो काय अन् मर्सिडीज काय, दारात उभी राहिली की ती आपली.

तुझा प्रश्न वाचून हसू आलं, कारण हाच प्रश्न मी रोज ऐकतो. "भाऊ, टॉनिक कोणतं मारू?" मी विचारतो, पराटीला, म्हणजे कपाशीला, झालं काय? ते माहीत नसतं. शेजारच्यानं मारलं, त्याचं वावर हिरवंगार दिसते, म्हणून तीच बाटली पाहिजे. अशा लोकांना वर्षभर शहाणपण शिकवणारा मी, गेल्या उन्हाळ्यात नागपूरला गेलो आणि ४,२०० रुपयांच्या नऊ बाटल्या घेऊन आलो. पराटीला झालं काय, हे न पाहता.

पुढचं ऐक. मे महिना, सकाळचे अकरा. अंगणात निंबाची चांगली सावली असताना मी गाडी उन्हात काढली, का तर चमक नीट दिसावी. नऊपैकी एका डबीबद्दल दुकानातला पोरगा म्हणाला होता, "याच्यानं आरसा होते." ती बोनेटवर लावली आणि जुन्या बनियनच्या फडक्यानं घासायला घेतली. पाच मिनिटांत ती वाळून कडक झाली. निघेना, म्हणून अजून जोर लावला. फडकं निळं व्हायला लागलं. मला वाटलं, काय मळ निघून राह्यला! मळ निळा कसा असेल, हा विचार डोक्यात आलाच नाही. गाडी निळी आहे ना माझी. बोनेटच्या कडेला हाताच्या तळव्याएवढा पट्टा फिका पडला, तो आजही तसाच आहे. पेंटरला दाखवला तर त्यानं नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाला, "क्लिअर उडवला भाऊ तुम्ही." आधीच्या मालकानंही रबिंग मारून घेतलं असणार, कडेला थर आधीच पातळ झाला असणार. शेवटचा हात मात्र माझा.

तर त्या डबीत पॉलिश नव्हतंच, रबिंग कंपाउंड होतं. ज्या बाटलीवर कंपाउंड, कट किंवा स्क्रॅच रिमूव्हर लिहिलं असते तिच्यात बारीक रेतीसारखी खर असते, ती रंग खरवडते. ज्यावर वॅक्स किंवा सीलंट लिहिलं असते ते रंगावर बसते, खरवडत नाही. आणि 'पॉलिश' हा शब्द आपल्या बाजारात कशालाही लावतात, म्हणून तो वाचून काहीच कळत नाही. आमच्या औषधांच्या डब्यावर निदान लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग असतो, न वाचताही माणसाला कळते की जपून. इथे तशी सोय नाही. मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचावी लागतात.

खरवडायला किती जागा आहे तेही सांगतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून निघताना सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर ४०-५०. तुला मायक्रॉन समजणार नाही, पण मिरचीच्या बेडवर टाकतात तो मल्चिंग पेपर तू हातात घेतला आहेस. तो २५-३० मायक्रॉनचा असतो. म्हणजे तुझ्या आल्टोची चमक मल्चिंगच्या दीड-दोन पदरांइतकी आहे, आणि तीही जुन्या गाडीवर शिल्लक असेल तेवढीच. कंपाउंड दोन वर्षं घेऊच नको.

मग घ्यायचं काय? सांगतो, पण आधी तुझ्या गाडीवर काय बसते ते बघू.

आपल्याकडे शत्रू नंबर एक काळी माती. ओली असताना गुळासारखी चिकटते, वाळली की सिमेंट. आणि तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात, नांगरताना पांढरे पांढरे दिसतात ते. वाळलेल्या मातीवर कोरडं फडकं फिरवलंस की ते खडे गाडीवर गोल गोल फिरतात. रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली एखादी काळी गाडी बघ, अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतील. ते ॲक्सिडेंटचे नसतात, रोज सकाळी प्रेमानं फडकं मारल्याचे असतात. तुझी गाडी पांढरी आहे, तिच्यावर दिसणार नाहीत, पण पडतील.

म्हणून पहिली खरेदी कोणत्याच बाटलीची नाही. दोन बादल्या, त्या घरीच आहेत. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोज्यासारखा मायक्रोफायबरचा मिट मिळतो तो घे. शाम्पूत बुडवायचा, एक दरवाजा धुवायचा, साध्या पाण्यात खंगाळायचा, मग परत शाम्पूत. वरून खाली यायचं: टप, काचा, बोनेट, दरवाजे, आणि खालचा चिखलाचा पट्टा सगळ्यात शेवटी. चाकांना वेगळं फडकं. धुऊन झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीच्या बुडाशी बघ, चहाच्या चोथ्याएवढी रेती बसलेली असते. एका बादलीत धुतलं असतं तर ती सगळी गाडीवर घासली गेली असती.

मिट लावायच्या आधी चिखल भिजवणं महत्त्वाचं. प्रेशर वॉशर घ्यायची गरज नाही. मी बॅटरीचा फवारणी पंप वापरतो, त्यात थोडा शाम्पू टाकून गाडीवर मारतो आणि पाच मिनिटं थांबतो. मग मडगार्डच्या आतून नळी लावतो. मातीचे अख्खे पोपडे निघून पडतात, बघायला मजा येते. पण पंप नवीन घे बाप्पा. तणनाशकाचा घेऊ नको, आणि गाडीचा म्हणून घेतलेला पंप तुझ्या भावाच्या हाती लागू देऊ नको. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश राहिलेल्या पंपानं पराटी कशी आकसते, हे मी दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या वावरात पाहतो.

शाम्पू गाडीचाच घ्यायचा, पीएच न्यूट्रल लिहिलेला, म्हणजे ना आम्ल ना क्षार. वेव्हेक्स, थ्रीएम, सोनॅक्स, टर्टल वॅक्स, जो मिळेल तो चालेल, यात फार डोकं लावू नको. कपड्याची पावडर मात्र नाही. ती क्षारयुक्त असते, वॅक्स असेल तर धुऊन नेते आणि रबर कोरडं पाडते. भांड्याचं लिक्विडही नको, तेही वॅक्स नेते. आणि झाकणात मोजून टाक. बादलीभर फेस झाला म्हणजे गाडी जास्त स्वच्छ होते असं नाही. डोस दुप्पट केला म्हणून अळी दुप्पट मरत नाही, हे तुझ्या बाबांनाही पटलं नव्हतं, पण तू तरी मास्तर आहेस.

पुसायला जाड मायक्रोफायबरचा टॉवेल. पाकिटावर जीएसएम लिहिलं असते, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. पुसायला ६०० च्या वरचा, बाकी कामाला ३००-४०० चे तीन-चार, वेगवेगळ्या रंगांचे. रंग यासाठी की चाकाचं फडकं चुकून बोनेटवर जाऊ नये. जमिनीवर पडलं तर धुतल्याशिवाय वापरायचं नाही. सुती कपड्यांसोबत धुवायचं नाही, त्याचे तंतू यात अडकतात. कम्फर्टसारखं काही टाकायचं नाही, पाणी शोषणं बंद होते. माझा पहिला पिवळा टॉवेल बायकोनं गॅसची शेगडी पुसायला नेला. "इतकं मऊ फडकं, तेही गाडीले?" असं वरून ऐकवलं. आता एक शेगडीचा, बाकी कुलपात.

पंप सोडून एवढं सगळं हजार-दीड हजारात होते, कारण बादल्या आणि पाणी घरचं. आणि पाण्यापाशीच माझी खरी फजिती झाली.

धुऊन गाडी तशीच उभी केली आणि संध्याकाळी पाहिलं तर अंगावर पांढरे गोल गोल डाग, देवी आल्यासारखे. शाम्पू खराब निघाला असं धरून मी दुसरा आणला. तरी डाग. मग दुकानातला टीडीएस मीटर आठवला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो. कठीण, म्हणजे क्षाराच्या पाण्यात ग्लायफोसेट हे तणनाशक नीट काम करत नाही, म्हणून कास्तकारांना पाणी मोजून देतो, तोच. घरच्या बोअरचं पाणी ८४० आलं. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं धरतात. म्हणजे मी गाडीवर चुना शिंपडत होतो आणि दोष शाम्पूला देत होतो. थेंब उन्हात उडून जाते, कॅल्शियम जागेवर राहते. तुझ्याकडे घाटंजीच्या बाजूला बोअरची तऱ्हा काही वेगळी नसेल.

उपाय सोपा आहे. उन्हात धुवायचं नाही, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. एकेक भाग धुऊन लगेच पुसायचा. आणि शेवटचं पाणी पावसाचं. मी टिनाच्या पन्हाळीखाली ड्रम ठेवला आहे, पहिला पाऊस वाहू दिला आणि मग भरला. मीटर त्यात २० च्या आतच राहते. शेवटचा एक झारीभर हात त्या पाण्याचा. जुने डाग असतील तर पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, फडक्यावर घेऊन मिनिटभर ठेवायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. ठिबकच्या नळ्या चुन्यानं बुजल्या की आपण ॲसिड सोडतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त ठिबकचं ॲसिड गाडीला लावू नको, तुझा भरवसा नाही म्हणून लिहून ठेवतो.

आता वॅक्स, म्हणजे तुझ्या मनातलं 'पॉलिश'. दोन जाती आहेत. एक कारनोबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताड होतो, कोरड्या हवेत पाणी राखायला त्याच्या पानावर मेण येते, ते हे. दिसते सुंदर, ओलसर चमक येते. ते ८२ ते ८६ डिग्रीला वितळते. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४६-४७ ला जाते, गडद रंगाच्या गाडीचा पत्रा सत्तरीच्या पुढे तापतो, मग मऊ पडलेलं मेण किती दिवस टिकेल? दुसरी जात सिंथेटिक सीलंट. चमक जरा कोरडी, पण उन्हात आणि पावसात बराच काळ तग धरते. तू रोज वीस किलोमीटर शाळेत जाणार आणि गाडी शाळेसमोर उघड्यावर उभी राहणार, म्हणून तू सीलंट घे. फवारून पुसायचं मिळते, नवशिक्याला तेच बरं. दिवाळीत पाहुण्यांना दाखवायला कारनोबा मार, मी मारतो. मजा अशी की दुकानात आम्ही औषधात मिसळायचं चिकट द्रव, स्टिकर, विकतो, का तर पानाच्या मेणावरून औषधाचा थेंब घसरू नये. आणि घरी येऊन थेंब घसरावा म्हणून मेण लावतो.

लावायच्या आधी हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घालून धुतलेल्या बोनेटवर फिरव. खरखर लागली तर क्ले बार लागेल. ती मळलेल्या कणकेसारखी वडी असते, रंगात रुतलेलं डांबर, लोखंडाची धूळ उचलते. भरपूर ओलं करून हलक्या हातानं फिरवायची, आणि खाली पडली तर सरळ फेकून द्यायची. पिशवीला गुळगुळीत लागलं तर घेऊच नको, पैसे वाचले.

सिरॅमिक हा शब्द आता प्रत्येक बाटलीवर आहे. खरं कोटिंग, म्हणजे रंगावर वाळून कडक होणारा थर, चढवायचं तर आधी रंग मशीननं साफ करावा लागतो, नंतर गाडी कोरडी ठेवावी लागते. आपल्या अंगणात, कोंबड्यांच्या आणि पावसाच्या मध्ये? सोड. टायरला चमकीचं पाणी-बेसवालं घे, तेलकटावर धूळ बसते. डॅशबोर्डला ओलं फडकं पुरे, चकचकीत केलास तर दुपारी त्याचंच प्रतिबिंब काचेत दिसते आणि समोरचं ढोर दिसत नाही.

आणि खर्रा. हे नागपूरच्या दुकानात कोणी सांगत नाही. मामा मागच्या सीटवर बसले होते, चालत्या गाडीतून काच उघडून त्यांनी आपलं काम केलं, मागचा दरवाजा पूर्ण रंगला. चुना, सुपारी, तंबाखू, सगळं उन्हात वाळलं. दिसल्या दिसल्या पाणी मारायचं, पक्ष्याच्या घाणीचंही तसंच, वाळू द्यायचं नाही. पांढऱ्या गाडीत मामाला पुढेच बसव.

मी हे सगळं करतो तेव्हा बाबा ओट्यावर बसून बघत असतात. परवा म्हणाले, "बैल होते तेव्हा वणा नदीवर नेऊन धुवाले सांगतलं तर तुह्या पोटात दुखे. आता या टिनाले दोन दोन बादल्या?" मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं स्वतःच उठले, माझ्या हातातला मिट घेतला आणि बोनेटवर अगदी हलका हात फिरवला. खांदमळणीच्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचे तसा. "जोर नाई लावा लागत याले," एवढंच म्हणाले आणि मिट साध्या पाण्याच्या बादलीत टाकला. बादली बरोबर ओळखली त्यांनी.

पोळ्याला तीन आठवडे आहेत. आज आवतन घे, जेवायला ये, गाडी घेऊनच ये. काही विकत घेऊन येऊ नको, माझ्याकडे नऊपैकी सहा बाटल्या तशाच पडल्या आहेत. फक्त तुझ्या बोअरचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून आण, मीटर दुकानात आहे.

तुझाच,
सुध्या

ता. क. वहिनींना त्यांचे मऊ टॉवेल आत्ताच मोजून ठेवायला सांग.