संगीताच्या परीक्षेत कानाचीही परीक्षा घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळायला लागले तेव्हापासून गाण्याच्या, पेटीच्या क्लासला येणारी मुलं वाढलीयेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण या मुलांची थिअरी म्हणजे नुसतं पाठांतर होऊन बसलंय आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. भूप रागाची माहिती विचारा, मुलगी एका दमात सांगते, थाट कल्याण, जाती औडव-औडव, मध्यम निषाद वर्ज्य, वादी गंधार, संवादी धैवत, समय रात्रीचा पहिला प्रहर. मग पेटीवर सा धरून ठेवायचा, वर एक स्वर वाजवायचा आणि विचारायचं, हा रे की ग? की पोरगी गप्प. ज्या मुलीला गंधार म्हणजे ग ऐकून ओळखता येत नाही तिला "वादी गंधार", म्हणजे गंधार हा रागाचा मुख्य स्वर, हे पाठ करून काय मिळालं, दोन मार्क.

भूपाचंच बघा. देसकार पण त्याच पाच स्वरांचा, सा रे ग प ध. आरोह-अवरोह वहीत लिहिले तर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात, पण भूप गंधारावर येऊन थांबतो आणि खालच्या अंगात रमतो, आणि देसकार धैवत धरून तार सा च्या आजूबाजूला फिरतो, भूप संध्याकाळनंतरचा तर देसकार सकाळचा. आता पुस्तकात राग थाटांत, म्हणजे सात स्वरांच्या मूळ साच्यांत, वाटलेले असतात, त्यात भूप कल्याण थाटात आणि देसकार बिलावल थाटात दिलाय. कल्याण आणि बिलावल यांच्यात फरक आहे तो फक्त मध्यमाचा, एकात तीव्र आणि एकात शुद्ध, आणि या दोन्ही रागांत मध्यमच नाहीये! मग थाट ठरवला कशावरून? हा प्रश्न मुलांना पडायला हवा, त्याचं उत्तर रागाच्या चालीत आहे आणि चाल ऐकल्याशिवाय कळत नाही. मारवा, पूरिया, सोहनी या तिघांचंही तेच, कोमल रे, तीव्र म, पंचम नाही, तरी तिन्हींचा स्वभाव पूर्ण वेगळा. तालात पण हेच आहे. एकताल आणि चौताल दोन्ही १२ मात्रांचे, दोन्हींच्या टाळ्या १, ५, ९, ११ वर आणि काल (टाळी न देता हात उघडा दाखवायची जागा) ३, ७ वर, लेखी पेपरात दोघांचे विभाग सारखेच काढायचे, पण एक तबल्यावरचा ख्यालाचा ठेका आणि दुसरा पखवाजावरचा धृपदाचा, हा फरक न ऐकलेल्या मुलाला काय कळणार.

आणि ही थिअरी ज्यांनी आपल्याला दिली त्यांनी ती ऐकून ऐकूनच बनवली होती ना. पं. भातखंडे (१८६०–१९३६) वकिली शिकलेले, पण गावोगावच्या उस्तादांकडे जाऊन बंदिशी ऐकल्या, लिहून घेतल्या, आणि मग ते दहा थाट मांडले. त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत आहे आणि तो गुरुशिष्यांच्या संवादासारखा लिहिलाय, त्यातला शिष्य सारख्या शंका विचारतो, आपल्या गाइडमध्ये तो शिष्यच गायब आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर तर आमच्या जवळच्या कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दोघांनीही आपापली स्वरलिपी तयार केली, पण कागद कानाच्या मागून आला. आज क्लासमध्ये उलटं चाललंय.

दुसरं म्हणजे तंबोरा. मिरजेचे तंबोरे देशभर जातात पण मिरज-सांगलीच्याच कितीतरी मुलांनी तंबोरा कधी जुळवलेला नसतो. तार पिळायची, जवारीचा म्हणजे घोडीवर तारेखाली असतो तो दोरा सरकवून बघायचा, मणी हलवून बारीक सूर मिळवायचा, याच्यासारखं कान तयार करणारं दुसरं शिक्षण नाही असं माझं ठाम मत आहे. मालकंसाला पंचम चालत नाही म्हणून एरवी पंचमाला लावतात ती तार मध्यमाला लावायची, मारवा-पूरियाला निषादाला, हे स्वतः लावताना वर्ज्य म्हणजे काय ते कायमचं कळतं. खर्ज म्हणजे सगळ्यात खालचा सा चांगला लागला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार छेडली की मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी कंपनं पण होत असतात, त्यातलं पाचपट म्हणजे हा गंधार. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप, अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले तर कीबोर्डचा गंधार सा पासून ४०० सेंटवर असतो आणि तंबोऱ्यातला साधारण ३८६ वर, म्हणजे कीबोर्डचा १४ सेंट चढा, आणि पंचमात मात्र फरक जेमतेम २ सेंटचा. हा फरक मुलांना ऐकवला तर ऐकू येतो हो, त्यांचे कान आपल्यापेक्षा तेज असतात, फक्त ऐकवायला पाहिजे. मी स्वतः पेटी शिकवते, त्यामुळे पेटीला नावं ठेवायचा प्रश्नच नाही, पण आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं त्यामागे हाही एक मुद्दा होता, हे पेटी शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं. आता ट्यूनर ॲपचा हिरवा दिवा लागला की सूर लागला असं मुलं समजतात, डोळे स्क्रीनवर आणि कान रिकामे.

गोव्यात, मुंबईत बरीच मुलं लंडनच्या असोसिएटेड बोर्डाच्या पियानो-व्हायोलिनच्या ग्रेड परीक्षा देतात. तिथे प्रॅक्टिकलच्या १५० पैकी १८ मार्क फक्त कानाचे असतात, परीक्षक पियानोवर ओळ वाजवतो ती गाऊन दाखवायची, ठेका ओळखायचा, सुरात काय बदल केला ते सांगायचं. आपल्याकडे प्रॅक्टिकलला परीक्षक स्वरसमूह गाऊन राग ओळखायला सांगतात ते चांगलंच आहे, पण रांगेत इतकी मुलं असतात की कित्येक ठिकाणी ते एका मिनिटात उरकतं. गुरूसमोर बसून वर्षानुवर्षं ऐकायची आपली परंपरा, आणि तिच्याच परीक्षेत कानाला एवढीशी जागा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पालकांनाही सांगते, यासाठी वेगळी फी लागत नाही. रोज थोडा वेळ तंबोऱ्याचं ॲप लावून मुलांना एकच स्वर लांब गाऊ द्या, टीव्हीवरच्या मालिकेच्या गाण्याची सरगम काढायला सांगा, चुकली तरी चालेल. पेटी असेल तर भूपाचे तेच पाच स्वर वाजवत राहायचं, फक्त मनातला सा बदलायचा. गंधाराला सा मानलं की मालकंस होतो, पंचमाला मानलं की दुर्गा, धैवताला मानलं की धानी. मूर्च्छनेची, म्हणजे या सा बदलण्याची, पानभर व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे एकदा ऐकलं की डोक्यात पक्कं बसतं.

परीक्षा घेणाऱ्या सगळ्या मंडळांना आणि वाढीव गुण देणाऱ्या शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की लेखी पेपरातले निदान चौथा हिस्सा मार्क ऐकून उत्तर द्यायच्या प्रश्नांना ठेवा. स्वर ओळखा, दोनपैकी भूप कुठला आणि देसकार कुठला ते लिहा, वाजणाऱ्या ठेक्याची सम (पहिली मात्रा) कुठे ते सांगा. खेड्यातल्या केंद्रांवर साउंड सिस्टीम नसते असं कुणी म्हणेल, पण प्रॅक्टिकलसाठी पेटी-तबला प्रत्येक केंद्रावर आणावाच लागतो, तोच पेपरच्या वेळी वर्गात ठेवायचा आणि एका जाणकार शिक्षकाने प्रत्येक प्रश्न दोनदा वाजवायचा.

आपली,
एक पेटी शिक्षिका, सांगली