२,६८,००० किलोमीटरनंतर: विकू की दुरुस्त करू?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वाहनांविषयी आपल्या दैनिकात मध्यंतरी आलेली वाचकांची पत्रं वाचली. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: महागडी गाडी दहा वर्षांची झाली की विकून मोकळं व्हावं, नाहीतर ती घर खायला उठते. गेले आठ महिने मी याच प्रश्नाशी झगडले. सल्ला देणारे पुष्कळ भेटले. ज्या माहितीच्या आधारावर ठरवायचं, ती माहिती मात्र मला खेटे घालून मिळवावी लागली. म्हणून हे पत्र.

मी भूलतज्ज्ञ आहे. राहते चिपळूणला, पण खेड, दापोली, गुहागर, देवरूख इथल्या लहान रुग्णालयांत बोलावणं येईल तेव्हा जाते. अडलेली बाळंतीण वेळ बघून येत नाही. रात्री दीडला फोन वाजतो आणि सव्वादोनला मी शृंगारतळी मागे टाकलेली असते. माझी गाडी २०१२ सालची, जर्मन कंपनीची, तीन लिटर डिझेल इंजिनाची ऑटोमॅटिक एसयूव्ही. २०१४ मध्ये पुण्यातून घेतली तेव्हा ४१,००० किलोमीटर झाले होते आणि मी २६ लाख रुपये मोजले होते. आज काटा २,६८,००० वर आहे. यातले निम्मे किलोमीटर तरी रात्रीचे आणि पावसातले असतील. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाची सगळी वर्षं, वळणरस्ते आणि परशुराम घाटातला चिखल या गाडीने माझ्यासोबत काढला. एक बटण दाबलं की ती हवेच्या सस्पेन्शनवर चार बोटं उंच होते, आणि खड्ड्यांतून जाताना माझ्या पाठीचे मणके वाचतात.

नेमकं तेच सस्पेन्शन गेल्या श्रावणात बसलं. सकाळी फाटकाशी येऊन बघते तर गाडीचा पुढचा डावा कोपरा खाली, मडगार्ड टायरला टेकलेलं. घाटावरच्या शहरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला ट्रेलरवर टाकून पाठवली. चौथ्या दिवशी एस्टिमेट आलं: ७,१२,००० रुपये. पुढचे दोन्ही एअर स्ट्रट (हवेचे रबरी फुगे), त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर, ती हवा वाटून देणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, चाक धरून ठेवणारे लोअर आर्म, इंजिन माउंटिंग, आणि गिअर झटका मारतो म्हणून गिअरबॉक्सचं सगळं इलेक्ट्रॉनिक युनिट. फोनवरच्या तरुणाने नम्रपणे सांगितलं, "मॅडम, या गाडीत आता पैसे घालू नका. एक्स्चेंज करा, चांगली ऑफर काढून देतो." त्याला मी दोनच प्रश्न विचारले. यातलं काय आज केलं नाही तर जिवाला धोका आहे? आणि काय सहा महिने थांबू शकतं? दोन्हींचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. यादी एकसंध होती, घ्या नाहीतर सोडा अशी.

रुग्ण माझ्यासमोर येतो तेव्हा त्याला काय झालंय, कशाला थांबता येणार नाही, कशाला थांबता येईल, हे मी त्याच्या नातेवाइकांना बसवून सांगते. न सांगता सही घेतली तर तो माझा गुन्हा ठरेल. सात लाखांच्या कागदावर सही मागणाऱ्याने इतकं तरी सांगावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

मग विकायचा प्रयत्न केला. गाडी बसण्यापूर्वी एका दलालाने सव्वासहा लाख सांगितले होते. एस्टिमेट कळल्यावर तेच ३,४०,००० झाले. नंबर पुण्याचा, एमएच-१२, पण आरसीवर पत्ता चिपळूणचा. प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न तोच: "पुरातली आहे का?" २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या हे खरं. माझी त्या दिवशी दापोलीत होती, मी रात्रीच्या केससाठी गेले होते आणि रस्ते बंद झाल्यामुळे तिथेच अडकले. हे मी सांगितलं, त्या वर्षाची सर्व्हिसची बिलं दाखवली. ऐकून घेतलं सगळ्यांनी, भाव कुणी वाढवला नाही. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या, त्याची किंमत आज प्रामाणिक चिपळूणकर मोजतो आहे. विमा कंपनीने ज्या गाडीचा पुराचा दावा मंजूर केला, त्याची नोंद आरसीवर का येऊ नये?

दुसऱ्या एका दलालाने मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून द्या, खरेदीदाराचं नाव मागाहून भरतो, असं सांगितलं. मी दिल्या नाहीत, आणि वाचकांनीही देऊ नयेत. नाव बदललेलं नसताना गाडीने अपघात केला तर नुकसानभरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी विकली, पैसे मिळाले, आपण सुटलो, असं होत नाही. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. परराज्यात विकली तर ४५ दिवसांत.

याच सुमारास पुण्याहून मुलाचे फोन सुरू झाले. "आई, डिझेल आता बंदच होणार आहे. जीएसटीही उतरलाय. नवी घे." त्याची काळजी खरी होती, म्हणून मी त्याच्याबरोबर बसून एकेक गोष्ट तपासली. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांची बंदी आली ती दिल्ली आणि तिच्या परिसरापुरती. हरित लवादाचा तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला. महाराष्ट्रात अशी वयाची बंदी नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. माझी १५ वर्षं पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये भरतात. तेव्हा नूतनीकरणाचे ५,००० रुपये, वर पर्यावरण कर. जीएसटीचं मुलाचं म्हणणं बरोबर होतं: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्क्यांवर आला. पण त्याच दिवशी गाड्यांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्क्यांचा जीएसटी १८ वर आला, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. श्रावणात केलेलं एस्टिमेट आश्विनात आपोआप हलकं व्हायला हवं होतं. मी फोन करून विचारलं तेव्हा कुठे सुधारलेला आकडा मिळाला.

अखेर आमच्या खेर्डीच्या बाजूला गॅरेज असलेल्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी स्कॅनर बाहेर काढण्याआधी बादलीत साबणाचं पाणी केलं आणि ते पुढच्या डाव्या रबरी फुग्यावर शिंपडलं. फुग्याच्या घडीवर बारीक बुडबुड्यांची रांग उठली. "डॉक्टरबाई, हवा इथून जातेय. ती भरून काढायला कॉम्प्रेसर रात्रंदिवस पळाला आणि तापून गेला." पाच मिनिटांचं निदान होतं. व्हॉल्व्ह ब्लॉक ठीक होता. उजवा फुगा गळत नव्हता, पण त्याच वयाचा, म्हणून दोन्ही एकदम बदलायला त्यांनी सांगितलं आणि ते मला पटलं. गिअरबॉक्सबद्दल त्यांनी विचारलं, "तेल कधी बदललं?" कधीच नाही. गाडीच्या पुस्तकात ते आयुष्यभराचं म्हटलं आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदला असं सांगते. माझ्या गाडीचे दोन लाखांवर झाले होते. तेल, फिल्टरसकट पॅन आणि सील बदलल्यावर झटका गेला. एक लाख नव्वद हजारांचं इलेक्ट्रॉनिक युनिट लागलं नाही.

खर्च लिहिते, कारण आकड्यांशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. दोन एअर स्ट्रट १,१८,०००, कॉम्प्रेसर ४६,०००, गिअरबॉक्सचं काम ३८,०००, लोअर आर्म आणि माउंटिंग ६४,०००, मजुरी २७,०००, ट्रेलर आणि कोडिंग (नव्या भागांची गाडीच्या संगणकाला ओळख करून देणं) १९,०००. एकूण ३,१२,०००.

"साडेतीन लाखांच्या गाडीत तीन लाख घातलेस?" असं मैत्रीण म्हणाली. मला वाटतं, चूक या तुलनेतच आहे. गाडीला बाजारात काय येतं हे मी विकणार असेन तर महत्त्वाचं. वापरणार असेन तर विचार वेगळा: याच कामाला, याच रस्त्यांना, तेवढीच सुरक्षित दुसरी गाडी मला वर्षाला कितीला पडेल? वीस लाखांची नवी घेतली तर पहिल्या वर्षाचा घसाराच या दुरुस्तीएवढा. ही तीन वर्षं चालली तर दुरुस्तीचे वर्षाला एक लाख चार हजार पडतात, शिवाय नेहमीच्या देखभालीचे नव्वद हजारांच्या आसपास. डिझेल लिटरला नऊ-दहा किलोमीटर, हा खर्च जड आहे आणि मी तो लपवत नाही. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्या, शहरात राहणाऱ्या माणसाने अशी गाडी विकावीच. उभ्या गाडीचंही रबर वयाने जातं, आणि बिल तेवढंच येतं.

पण शेवटी माझ्यासाठी हिशेबापेक्षा मोठा एकच प्रश्न होता: रात्री दोनला, मोबाइलला रेंज नसलेल्या वळणावर, ही गाडी मला सोडून देईल का? पलीकडे टेबलावर बाई असते, भूल द्यायला दुसरं कुणी नसतं. म्हणून मी मिस्त्रींकडून दोन दिवस तपासणी करून घेतली. चॅसीला खालून गंज नाही, इंजिनाचं कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरांत सारखं, टायमिंग चेनचा आवाज नाही, ब्रेकचे पाइप कोरडे. यातली एक जरी गोष्ट बिघडलेली निघाली असती तर मी मिळेल त्या भावाला विकली असती. उद्या इंजिन उघडायची वेळ आली तरी विकेन. ही मर्यादा मी आजच वहीत लिहून ठेवली आहे, म्हणजे त्या दिवशी मायेपोटी पाय अडखळणार नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. मिस्त्रींनी फुगे बसवले, कॉम्प्रेसर बसवला, आणि गाडी तशीच बसून राहिली. नव्या भागांची ओळख गाडीच्या संगणकाला करून द्यावी लागते, चारही कोपऱ्यांची उंची त्याला शिकवावी लागते. ते सॉफ्टवेअर कंपनीकडे. मिस्त्रींचा स्कॅनर दोषाचा क्रमांक वाचतो, पुढचं दार त्याला बंद. अर्ध्या तासाच्या कामासाठी गाडी पुन्हा ट्रेलरवर घाट चढून गेली. तिथे बाहेरचे भाग बसवले आहेत म्हणून आधी नकार मिळाला. मग मी स्वतः दिवसभर जाऊन बसले, तेव्हा काम झालं.

हा प्रश्न नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न देणं. ती खुली करा असा आदेशही दिला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळही सुरू केलं, आणि त्यात मोटारगाड्या आहेत. खेर्डीच्या गॅरेजपर्यंत यातलं काय पोचलं, ते मी वर लिहिलं आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. एस्टिमेट देताना प्रत्येक भागापुढे तो आज बदलणं सुरक्षिततेसाठी गरजेचं आहे की थांबता येईल, हे लिहिणं बंधनकारक करा. काढलेले जुने भाग मालकाच्या हाती द्या. कोडिंगचं सॉफ्टवेअर प्रशिक्षित स्वतंत्र मिस्त्रीला ठरावीक शुल्क भरून वापरता येऊ द्या. फुकट कुणीच मागत नाही. परिवहन आयुक्तालय आणि ग्राहक व्यवहार विभाग यांपैकी कुणीतरी आपल्याच स्तंभातून उत्तर द्यावं अशी विनंती आहे.

गाडी ऑक्टोबरपासून १३,००० किलोमीटर चालली आहे, एकदाही अडली नाही. मागचे दोन फुगे वर्षभरात जातील असं मिस्त्रींनी कालच सांगितलं. ते बसवायला त्यांना एक दुपार पुरेल. त्यानंतरच्या अर्ध्या तासाच्या कामासाठी मी ट्रेलरवाल्याचा नंबर जपून ठेवला आहे.

आपली,
एक भूलतज्ज्ञ, चिपळूण (जि. रत्नागिरी)